दुसऱ्याच माणसाचा परिचय

क्षिप्रा पुण्यात वकिली करायची. लग्नानंतर सिंगापूरला आली, काळा कोट घडी करून ठेवला आणि एका बँकेत लागली. काम एकच: नवा खातेदार आणि काळ्या यादीतला त्याच नावाचा इसम एकच की वेगळे, हे तपासायचं. चौदा वर्षांत तिची चूक कोणाला सापडली नव्हती. हे ती चारचौघांत सांगायचीही.

तिच्याबरोबर मार्टा नावाची पोलिश बाई काम करायची. मार्टाचे वडील यानुश ब्रोद्नित्स्की, निवृत्त राजदूत, लेकीकडे राहायला आले होते. त्यांच्या आईचं लहानपण युद्धाच्या दिवसांत कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीत गेलं होतं, म्हणून त्यांना मराठी माणसांना भेटायची फार इच्छा. क्षिप्राने तिथल्या मराठी मंडळात शब्द टाकला. बुकित बातोकच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी कार्यक्रम ठरला. परिचय मी करून देते, हेही तिनेच सांगितलं.

तो परिचय तिने त्याच सकाळी मेट्रोत बसून, फोनवर समोर आलेल्या पहिल्या पानावरून उतरवला.

माईकसमोर ती ठसक्यात इंग्रजीत वाचत गेली. “पोलंडमधल्या मार्शल लॉच्या काळात संपकरी गोदी कामगारांवरचे खटले त्यांनी सरकारतर्फे चालवले आणि सगळे जिंकले.” टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या मार्टाने मान खाली घातली.

ब्रोद्नित्स्की सावकाश उठले. “ते खटले माझ्याच नावाच्या दुसऱ्या गृहस्थाने जिंकले,” ते म्हणाले. “मी समोरच्या बाजूला होतो. माझे नऊही अशील तुरुंगात गेले. माझी सनद काढून घेतली. तीन वर्षं मी एका इस्पितळाच्या बॉयलरखोलीत कोळसा ओढला.”

पुढे राजवट बदलली, ते निवडून आले, न्यायखात्यात उपमंत्री झाले, दोन देशांत राजदूत राहिले. हे त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. त्या नऊ जणांची नावं मात्र एकेक करून घेतली.

क्षिप्राला मान वर करवेना. कार्यक्रम संपल्यावर मार्टा समोर येऊन उभी राहिली. “त्याच माणसाने बाबांची सनद घालवली. तू एकदा मला विचारायचंस तरी!”

“मला कागद प्रबोधने दिला,” क्षिप्राच्या तोंडून निघून गेलं.

मंडळाचा चिटणीस प्रबोध शेजारीच खुर्च्या रचत होता. त्याने क्षिप्राकडे पाहिलं. मग मार्टाला म्हणाला, “सॉरी. मी तपासायला हवं होतं.”

घरी नवऱ्याने, विक्रांतने, विचारलं, “कसा झाला कार्यक्रम?”

“छान,” ती म्हणाली आणि ताटावरून उठली.

सोमवारी तिने मार्टाला गाठून खरं सांगितलं. मार्टा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, “बाबांनी कालच ओळखलं. उभा जन्म कोर्टात गेलाय त्यांचा. तो खुर्च्या रचणारा माणूस दुसऱ्याचं अंगावर घेतोय, म्हणाले.”

त्या संध्याकाळी क्षिप्रा यिशुनला प्रबोधच्या फ्लॅटवर गेली. “मी तुझ्यावर ढकललं,” ती दारातच म्हणाली.

“हो,” प्रबोध म्हणाला. “तिथे बोललो असतो तर तुझी आणखी शोभा झाली असती.”

जाऊ दे, असं तो म्हणाला नाही. तिनेही तशी अपेक्षा ठेवली नाही. परतताना तिने मंडळाच्या ग्रुपवर सगळं लिहिलं: चूक कोणाची, खोटं कोणाचं. वाचलं सगळ्यांनी, उत्तर तिघांनी दिलं.

महिन्याभराने ब्रोद्नित्स्की वॉर्साला परतले. त्यांना भेटायला जायचं धाडस क्षिप्राला झालं नाही. मार्टा बँकेत अजून बोलते तिच्याशी, कामापुरतं.