बारवेतला तवंग

मला माणसांची किळस फार लवकर येते, असं आमच्या घरात बोललं जाई. त्याला निमित्त झालं एक स्थळ. मी ते नाकारलं.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. पिंपरीत नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यातल्याच एकाच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. चिंचवडहून सायकलने जायची. मुलगा त्याच कारखान्यात, पाणी शुद्ध करण्याच्या खात्यावर अधिकारी. उंच, शिकलेला, कपडे नेहमी कडक इस्त्रीचे. आत्याने स्थळ आणलं होतं. पत्रिका जुळली होती, बोलणी तेवढी राहिली होती.

त्याच सुमारास परदेशात शिकून आलेल्या आमच्या एका साहेबांनी सायकलींचा खेळ काढला. दोघादोघांची जोडी. प्रत्येक जोडीला हाताने काढलेला नकाशा. भोसरी, दिघी, चऱ्होली या बाजूच्या टेकड्यांमधल्या गाडीवाटांवर चारपाच ठिकाणं खुणेने दाखवलेली. वाट आपली आपण शोधायची. प्रत्येक ठिकाणी झाडाला रंगीत फिती बांधलेल्या, त्यातली एक सोडून घ्यायची आणि दिवेलागणीच्या आत दोघांनी मिळून परत यायचं.

"जा की त्याच्याबरोबर," आत्या म्हणाली. "चारचौघांतलं आहे, कुणी नावं ठेवणार नाही. बोलणंही होईल."

वडिलांनी हरकत घेतली नाही. आणि मलाही उत्सुकता होती, खोटं कशाला सांगू.

माघ सरत आला होता. निघालो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. नकाशा त्याने पहिल्याच वळणावर घडी करून खिशात घातला, मला एकदाही दाखवला नाही. दिघीच्या चढावर आम्ही वाट चुकलो. मेंढरं घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्या धनगराने थांबून, काठीने दाखवून नीट रस्ता सांगितला. त्याचं बोलणं पुरतं व्हायच्या आत हा निघालाही. जाता जाता तंबाखूची पिंक टाकली ती त्या म्हाताऱ्याच्या पायांशी पडली. मुद्दाम नव्हती. त्याने बघितलंच नव्हतं कुठे पडतेय ते.

मग तोंड मनगटाने पुसलं आणि त्याच हाताने पहिल्या झाडावरची फीत सोडून माझ्यापुढे धरली. "ठेव तुझ्याकडे." निघताना मी 'तुम्ही' होते. त्या झाडापाशी 'तू' झाले. मी फीत दोन बोटांनी घेतली.

पुढे एका शेताचा पाट वाटेवरून वाहत होता. त्या चिखलात त्याच्या सायकलची साखळी निसटली. ती बसवताना दोन्ही हात वंगणाने काळे झाले, चाकं चिखलाने भरली. "पुढचं ठिकाण बारव आहे, धुऊन टाकू," तो म्हणाला. मला वाटलं, कुणाकडून तांब्याभर पाणी मागून घेईल.

चऱ्होलीच्या अलीकडे, वाटेच्या कडेला ती बारव होती. पायऱ्या खाली उतरत गेलेल्या, तळाशी थोडंसं पाणी. काठावरच्या लिंबाला फिती बांधलेल्या. खालच्या पायरीवर एक म्हातारी वाटीने पाणी घागरीत भरत होती, दोन सुना वर घागरी घेऊन थांबल्या होत्या. हा बुटांसकट, सायकल खांद्यावर घेऊन खाली उतरला.

"दादा, पायतान घालून नका येऊ," म्हातारी म्हणाली. "प्यायचं पानी हाय ते."

तो हसला. "आजी, एवढ्याशाने काय होतंय?" आणि त्याने चाक पाण्यात टेकवलं, फिरवलं. मग साखळी धुतली. मग हात, कोपरापर्यंत चोळून. शेवटी चूळ भरून तिथेच टाकली.

"न्हाई वो दादा," म्हातारी एवढंच म्हणाली आणि तिने आपली घागर बाजूला ओढली. पाण्यावर वंगणाचा निळसर तवंग पसरत चालला होता.

या माणसाच्या खात्यात कुणी बूट घालून पाऊल टाकलं तर तो त्याचा दिवसाचा पगार कापायला लावी. हे मला माहीत होतं. कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं.

वर येऊन त्याने लिंबावरच्या सगळ्याच फिती सोडायला घेतल्या.

"मागून अजून जोड्या येतायत," मी म्हटलं.

"म्हणून तर." त्याने फितींना ओले हात पुसले आणि बोळा करून कुंपणात फेकला. आमची एक तेवढी ठेवली. "चल, उशीर होतोय."

मी चपला वर काढून खाली उतरले. म्हातारीकडून वाटी मागून घेतली आणि तवंग काढायला बसले. तिने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग दुसरी वाटी घेऊन तीही बसली. काठाला चिकटलेला तवंग निघेना तेव्हा तिने पदराचा शेव पाण्यावर टेकवून तो टिपून घेतला. वरून सायकलची घंटा वाजत होती. थांबे, पुन्हा वाजे.

"मालक हायेत का तुमचं?" एका सुनेने वरून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. त्या वेळी मला ते बोलायला फार बरं वाटलं.

तेवढ्या वेळात मागच्या जोड्या पुढे निघून गेल्या आणि आम्ही सगळ्यांच्या शेवटी पोचलो. साहेब विचारत होते, बारवेवरच्या फिती गेल्या कुठे? आमच्यामागून बारवेवर आलेल्या तीन जोड्यांना मिळाल्या नाहीत. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "गावातल्या पोरांनी नेल्या असतील."

"यांनी काढून कुंपणात टाकल्या," मी म्हणाले. "आणि प्यायच्या पाण्यात सायकल धुतली."

कुणीतरी हसलं, मग सगळेच. "अहो, खेळात चालायचंच," असं म्हणून साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. हसणाऱ्यांत माझ्या प्रयोगशाळेतले लोकही होते. चहा आणि भजी होती. मी कपाला हात लावला नाही.

घरी वडिलांनी विचारलं, "तुला काही बोलला का तो?"

"नाही."

"मग?"

मी सगळं सांगितलं. आत्या म्हणाली, "पाण्यावरून कुणी मुलगा नाकारतं का? पुरुषांचे हात काळे व्हायचेच. लग्नानंतर तू शिकवशील."

वडील आत्यालाच म्हणाले, "तिला शिसारी आलीय. ज्याची शिसारी आली त्या माणसाच्या ताटात जेवायला मी मुलीला बसवणार नाही. निरोप धाड." आत्या पुढे वर्षभर आमच्याकडे आली नाही.

त्याचं लग्न लवकरच झालं आणि संसार चांगला झाला म्हणतात. तो वाईट माणूस होता असं मी कुणाला पटवू शकले नाही, तसा प्रयत्नही केला नाही. उपाहारगृहात भेटला की तो नमस्कार करी आणि मीही करत असे. पण पाण्याच्या पिंपापाशी तो उभा असला की मी तहानेली परत फिरे. दुपारभर घसा कोरडा पडला तरी चाले.