कुसाबाईचं हिरवं लुगडं

आमच्या जलशात बाई नव्हती. बाईचं काम मी, बहिरू, करायचो, आणि अंगावर जे हिरवं लुगडं असायचं ते सावळीरामच्या बायकोचं, कुसाबाईचं. खेळ असला की ती दुपारीच ते घडी करून फडक्यात बांधून द्यायची आणि बजावायची, "भावजी, काठाला चिखल लावून आणू नका." परत नेलं की आधी काठ तपासायची, मग मला चहा.

मी तिच्याकडून नुसतं लुगडं घेतलं नव्हतं. हंडा घेऊन नळावरून येताना तिचा मोकळा हात कसा झुलायचा, बोलता बोलता पदराचं टोक दातांत कसं जायचं, रागावली की आधी गप्प होऊन मग एकदम कशी सुटायची, हे सगळं मी उचललं होतं. सिन्नर-निफाडकडच्या गावांनी, लासलगावच्या हमालांनी माझ्या रूपात कुसाबाईच पाहिली. सावळीराम कनातीच्या कडेला कंदिलाजवळ कागद घेऊन बसायचा. आमच्यात धड वाचता येणारा तो एकटा. तो वाचून दाखवायचा, आम्ही ऐकून पाठ करायचो. मी नेसून बाहेर आलो की तो हसू दाबत म्हणायचा, "बहिऱ्या, घरी गेल्यावर मला कळत नाय, भाकर ती थापती का तू."

कुसाबाईच्या कानावर हे गेलं तेव्हा ती म्हणाली, "भावजींनी थापलेली खाऊन बघा एकदा. आपोआप कळंल."

पुढं रेडिओ आणि सिनेमा आला, आमची माणसं पांगली, जलसा बसला. पण मला विचाराल तर ते दिवस गेले असं मी कधी मानलं नाही. अजून ढोलकी कुठं वाजली की माझे खांदे सरळ होतात. सावळीराम नाशिक नगरपालिकेच्या पाणी खात्यात होता. पहाटे खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून निघायचा आणि एकेका आळीचं पाणी सोडत गंगापूर रोडपर्यंत जायचा. पावसाळ्याचे तीन महिने मात्र त्याची संध्याकाळ विहारातली. वर्षावासात आमच्याकडे रोज धम्माचा ग्रंथ वाचतात. पांढरा सदरा घालून सावळीराम चौरंगासमोर बसायचा, कुसाबाई ग्रंथावरचं पांढरं फडकं सोडायची, आणि तो वाचू लागला की लहान पोरंसुद्धा खोकला आवरायची. स्वतः कुसाबाईला अक्षर येत नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडे बघून ऐकायची.

शहात्तर सालच्या पावसाळ्यात एका सकाळी सावळीराम कामावरून परतताना मेन रोडवर मध्येच थांबून राहिला. मी सायकलवरून चाललो होतो. मला म्हणाला, "बहिऱ्या, एका रातीत सगळ्या दुकानांच्या पाट्या कोणी बदलल्या रे?"

मी वर पाहिलं. पाट्या होत्या तशाच होत्या.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याच्या हातात पेन दिलं आणि नाव लिहायला सांगितलं. त्यानं लिहिलं, गाव लिहिलं, बायकोचं नावही लिहिलं, नेहमीच्या गोल, देखण्या अक्षरात. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला, जरा वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि तोच कागद परत समोर धरला.

"हे वाचा."

सावळीरामनं कागद लांब धरला, जवळ धरला. "कोणी लिवलंय हे? मुंग्या चालल्यावानी दिसतंय."

डॉक्टर समजावून सांगणारे होते. डोक्यात रक्ताची गाठ अडकली होती. डोळे शाबूत आहेत, लिहिणारा हात शाबूत आहे, पण डोळ्यांनी पाहिलेलं अक्षर जिथं ओळखलं जातं तिथपर्यंतची वाट खचली, असं ते म्हणाले. परत येईल का, यावर ते कुसाबाईकडे न बघता गोळ्या लिहू लागले.

बाहेर व्हरांड्यात कुसाबाई मला म्हणाली, "अक्षरं गेली तर जाऊ द्या. मला वळखत्यात ना? मग बास."

विहारात आम्ही काय केलं ते सांगतो. त्याची जागा दुसऱ्या कुणाला द्यायची नाही असं वस्तीनं ठरवलं. इतकी वर्षं वाचून ग्रंथ त्याला पाठच झाला होता. ग्रंथ समोर उघडा ठेवायचा, कुसाबाईनं अंदाजानं पान लावायचं, आणि त्यानं म्हणत जायचं. पान उलटायची वेळसुद्धा त्याला ठाऊक होती. आम्हाला वाटायचं, रोज अक्षरांसमोर बसला की एक दिवस ती त्याला ओळख देतील. तीन वर्षावास असे काढले. आम्ही नाटकातली माणसं, आणि बाकीची वस्ती आमची प्रेक्षक. सोंग नीट वठवलं की ते खरं होतं, ही समजूत आमच्या अंगात मुरलेली होती.

एकोणऐंशीच्या थंडीत दुसरा झटका आला आणि ग्रंथही पुसला गेला. या वेळी वस्तूंचा अर्थच गेला. ऐन तारुण्यात लासलगावला कांद्याच्या गोण्या वाहिलेला हा माणूस. कुसाबाईनं हातात कांदा दिला तर तो फिरवून फिरवून बघायचा, कानाशी हलवायचा. 'कांदा' हा शब्द त्याला येत होता, पण तो शब्द या वस्तूचा आहे हे ठाऊक नव्हतं. मेणबत्ती लावा म्हटलं की तो मेणबत्तीच काडेपेटीवर घासायचा. पाणी खात्याची चावी साहेबांनी येऊन परत नेली, तेव्हा हे काय नेतायत ते त्यानं विचारलंही नाही. गंमत अशी, की विहारात वंदना सुरू झाली की त्याचे हात आपोआप जुळायचे. कुणी 'हात जोडा' म्हटलं की मात्र जमायचं नाही.

एवढं होतं तरी कुसाबाई उभी होती. आंघोळ, जेवण, दाढी, सगळं ती करत होती. मग एका दुपारी तिनं ताट पुढं केलं. त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली.

"बहिऱ्या, बास कर आता. खेळ संपला. ते लुगडं काढून ठेव, नायतर ती आली म्हंजे रागवंल."

ती आधी हसली. तिला जुनी थट्टा वाटली. "आवो, जेवा गुमान," म्हणाली. त्यानं ताट सरकवलं. "कुसा माहेरी गेली का? इगतपुरीला लय पाऊस पडतो. तिला म्हणावं, उघडीप झाल्यावर ये."

दिवस थंडीचे होते. पाऊस कुठंच नव्हता.

ती माझ्याकडे आली तेव्हा पदराचं टोक दातांत होतं. "भावजी, ते मला तुम्ही समजत्यात."

शेजारची नवसाबाई म्हणाली, बाहेरचं काही असेल, कुणाला तरी दाखवा, गंडा बांधा. कुसाबाईनं तिला दारातूनच परतवलं. "ते आम्ही सोडलं, नवसाबाई. दीक्षा घेतली त्याच दिवशी सोडलं."

डॉक्टर म्हणाले, त्यांना चेहरा दिसतो, चेहरा बायकोसारखाच आहे हेही समजतं. पण आपलं माणूस पाहिल्यावर आत जे हलतं ते आता हलत नसावं. मग मेंदू त्याच्यापुरतं उत्तर काढतो, की हे माणूस बनावट आहे. "माझा अंदाज आहे," ते म्हणाले, "औषध नाही."

सावळीरामला उत्तर शोधायला लांब जावं लागलं नव्हतं. नाशिक जिल्ह्यात कुसाबाईचं सोंग घेणारा माणूस एकच होता.

कुसाबाईनं तोड काढली. "तुम्ही या आन माझ्याशेजारी उभे ऱ्हा. दोघं एकदम दिसलो म्हंजे कळंलच ना त्यांना."

मलाही ते पटलं. मी दाढी करून, स्वच्छ सदरा घालून गेलो. तो खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. आम्ही समोर उभे राहिलो.

"सावळ्या, जयभीम. ओळखलंस?"

त्यानं मला न्याहाळलं. मग तिला. मग पुन्हा मला.

"मी बहिरू," मी म्हणालो. "आन ही कुसा. तुझी बायको."

कुसाबाईनं मनगट पुढं केलं. लग्नानंतर लगेच तिथं चुलीचा चटका बसला होता, त्याचा डाग होता. त्यानं तो डाग बोटानं घासून पाहिला. त्याचा चेहरा उजळला, पण तिच्यासाठी नाही. कसबी माणसाचं काम पाहून उजळतो तसा.

"डाग पण रंगवलाय!" तो तिला म्हणाला. "बहिऱ्या, तुझ्यावानी काम कुणाला जमायचं नाय." मग आवाज उतरवून, माझ्याकडे डोळ्यांनी खुणावत, "पण ह्या म्हाताऱ्याला कुठून धरून आणलंस? तुझ्यावानीच दिसतो जरा."

सगळी हयात मी त्या दादेसाठी धडपडलो होतो. ती मिळाली तिला.

बाहेर ओट्यावर ती म्हणाली, "भावजी, तुम्हाला खेळ झाल्यावर लुगडं सोडून घरी जाता यायचं."

त्यानंतर ती बहिरू म्हणूनच त्याला जेवू घालू लागली, कारण कुसाबाईच्या सोंगातल्या बहिरूच्या हातून तो चार घास तरी खायचा. जेवताना तो त्या बहिरूला बायकोबद्दल सांगायचा. ती विहारात समोर बसायची म्हणून वाचताना आवाज लागायचा, असं सांगायचा. तिच्या तोंडावर हे त्यानं कधी म्हटलं नव्हतं. ती ऐकून घ्यायची आणि पुढचा घास करायची.

आणि मग पुढच्या पावसाळ्यात ते घडलं. मी, म्हणजे तो अनोळखी म्हातारा, त्याच्या खाटेजवळ बसलो होतो. कुसाबाई मोरीत भांडी घासत होती. मोरीला पडदा होता, तिच्याच जुन्या हिरव्या लुगड्याचा. पडद्याआडून ती सहज म्हणाली, "अहो, चहा घेतला का समदा?"

सावळीराम ताठ बसला. "कुसा! कधी आलीस?"

आतलं भांडं वाजायचं थांबलं.

"आत्ताच आले," ती म्हणाली.

"पाऊस होता?"

"लय होता. घाटात गाडी थांबली होती."

"तरी म्हटलं. हितं तो बहिऱ्या तुझं लुगडं नेसून बसतो सारखा. बोल त्याला जरा."

"बोलते."

तो हसला. कित्येक महिन्यांत मी त्याचं असं हसू पाहिलं नव्हतं. तिलाही राहवलं नाही. ओल्या हातांनी ती पडदा सारून बाहेर आली, आणि समोर माझ्या डोळ्यांदेखत ते हसू विझलं. "बहिऱ्या, घालवलीस ना तिला?"

आवाजाची वाट तेवढी उरली होती. ती पडद्याआड असली की कुसा, बाहेर आली की बहिरू. अंधार करून पाहावा तर तो भिऊन ओरडायचा. डोळ्यांवर हात ठेवावा तर हात झटकायचा. मग संध्याकाळी सगळं आवरून ती पडद्याआड पाटावर बसायची आणि तो इकडून बोलायचा. बाजारात काय मिळालं, गंगेला पाणी किती आलंय, इगतपुरीला भात कसा आहे. त्याला खोकला आला, पाणी लागलं, कूस बदलायची झाली, की तिला उठून बाहेर यावं लागायचं, आणि तेवढ्यात कुसा निघून गेलेली असायची. तिला एकतर त्याच्याशी बोलता येत होतं, नाहीतर त्याला हात लावता येत होता.

असं तीन वर्षं चाललं. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो अन्न गिळेनासा झाला. डॉक्टर घरी येऊन बघून गेले, काही लिहून दिलं नाही.

त्या दुपारी मी खाटेजवळ होतो. ती पडद्याआडून बोलत होती. तो डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होता. मग अगदी स्पष्ट म्हणाला, "कुसा, हितं ये. जवळ बस."

पडदा हलला नाही. मला आतून तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती आली. येताना ती थांबली नाही, बोलतच आली, "आले, हे बघा आले, मीच हाय," की आवाज आणि चेहरा एकदा तरी एकत्र पोचावेत. त्याच्या उशाशी बसून तिनं त्याचा हात हातात घेतला.

त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रागावला नाही. दमलेल्या माणसानं जुन्या दोस्ताला सांगावं तसं म्हणाला, "बहिऱ्या, तू नको. तिला बोलाव."

तिनं हात खाली ठेवला. "बोलावते," म्हणाली. उठली आणि पडद्याआड गेली.

"अहो," तिकडून आवाज आला, "आले मी. बाजारातून मेथी आणली. आज लय महाग होती, तरी आणली…"

मी सावळीरामकडे पाहिलं. त्याचे डोळे उघडेच होते, छाती थांबली होती. मी तिला थांबवायला हवं होतं की नाही, मला माहीत नाही. ती मेथीबद्दल सांगत होती, की निवडायला वेळ लागेल, पानं कोवळी आहेत, संध्याकाळी करते. मी तिचं बोलणं संपेपर्यंत बसून राहिलो.