सहीआधीच्या शंका

जगात शंका कमी पडल्या, तर आमच्या भोसरीच्या लॅबमधल्या बाईंकडून मागवाव्यात. कासारवाडीत टोमॅटोसुद्धा त्या दोन काट्यांवर तोलून घेतात. डीएनएवर मिथाइलचे बारीक ठिपके असतात, कॅन्सरमध्ये त्यांच्या जागा बदलतात आणि रक्तात ते मोजून रोग लवकर ओळखता येतो, हे त्यांचं काम. पण ठिपके दिसावेत म्हणून जे रसायन घालायचं, त्यातच बराचसा डीएनए तुटून जातो. "तोलता तोलता भाजी खाणारा काटा आहे हा," असं बाई म्हणत. शिवाय वयाने आणि तंबाखूनेही ठिपके हलतात. त्यामुळे माझे सासरे सहज लॅबमध्ये आले, तर नमस्काराआधी प्रश्न आला, "तंबाखू कधीपासून?" सासऱ्यांनी पुडी मुकाट खिशात सरकवली.

मी रिपोर्ट पाठवणारा माणूस. बाई सही करीपर्यंत लोकांचे फोन मीच झेलायचो. चाकणकडचे एक शेतकरी, कंपनीतही जाणारे, बायकोच्या रिपोर्टसाठी रोज विचारायचे, "साहेब, हाय का न्हाई, येवढंच सांगा." एकदा मशीनवर काही आलं नाही असं दिसलं आणि मला राहवलं नाही. "काही नाही, निश्चिंत राहा," म्हणून मोकळा झालो. सहीच तेवढी बाकी होती.

बाईंनी सही केली नाही. "रक्ताची नळी दिवसभर चाकणच्या ट्रॅफिकमध्ये उन्हात होती. पेशी फुटल्यात. त्यांच्या डीएनएच्या गर्दीत कॅन्सरचा चिमूटभर डीएनए दिसणार कसा? हे 'नाही' नव्हे, 'दिसलं नाही' आहे."

"बाई, उगाच कीस काढताय," मी म्हणालो. फोनची गोष्ट मात्र दडवली. बाई बसने चाकणला गेल्या, नवं रक्त बर्फात घेऊन आल्या आणि तीन वेळा तपासलं. तिन्ही वेळा ठिपके जागा सोडून होते.

तेव्हा मी फोनवर काय सांगून बसलो होतो, ते बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. मी नंबर लावला, सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, "तुमी तर न्हाई म्हनला व्हता, साहेब."

पुढचं बोलणं बाईंनीच केलं. पुढच्या तपासण्या झाल्या, गाठ लहान असतानाच ऑपरेशन झालं, वहिनी बऱ्या आहेत. बाई आता निवृत्त झाल्यात. दर दिवाळीला त्यांना त्या घरून फोन येतो. मला परत कधी आला नाही. माझी ती चूक बाईंनी आजवर कुणाला सांगितलेली नाही.