खराटा न मारलेला उतार

आमच्या मामाला सगळे गवंडी ‘गुळगुळीत’ म्हणायचे आणि त्याला ते मनापासून आवडायचं. आमच्या स्वयंपाकघरातली जमीन त्यानेच घोटलेली. आई तिच्यावर दोनदा आपटली, तरी भावाचं कौतुक काही कमी झालं नाही.

नदीकाठाने चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी मिळून एकच रस्ता झाला, त्याचं काँक्रीट मामाकडे होतं. ओल्या काँक्रीटवर खराटा ओढून ते खरखरीत ठेवायचं, असा इंजिनिअर बाईंचा हुकूम होता. पुलाखालच्या उतारावर तर नक्कीच, हे त्यांनी दोनदा बजावलं. मामाने दात-ओठ खात सगळ्या रस्त्यावर खराटा ओढला. स्वतःच्या कामावर ओरखडे काढायचे म्हणजे त्याच्या जिवावरच यायचं. उतार शेवटच्या दिवशी आला आणि बाई नेमक्या रजेवर होत्या. “एवढा तुकडा तरी मनासारखा करतो,” म्हणत तो थापी घेऊन तीन तास गुडघ्यांवर बसला. संध्याकाळी आम्हाला दाखवायला घेऊन गेला. मीही वा वा केलं, खोटं कशाला बोलू?

महिन्याभरात एका दमट सकाळी ड्यूटीवर निघालेली नर्स सायकलसकट तिथे घसरली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. ‘नर्सबाई वेगात होत्या, काम नियमाप्रमाणे आहे,’ असा कागद ठेकेदाराने केला आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मामाचीही घेतली.

त्या दिवशी तो आमच्याकडे आला, पण ताटाला हात लावेना.

“सही करून मोकळा झालास?” आईने विचारलं.

“खराटा मारलाच नव्हता गं, ताई.”

माझं डोकंच फिरलं. “मग हे तिथे सांग की, मामा! आम्हाला काय सांगतोस?”

रागावले खरी, पण त्याचं ताट मीच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने इंजिनिअर बाईंकडे जाऊन सगळं लिहून दिलं. ठेकेदाराने उभ्या उभ्या कामावरून काढलं. बरोबरीचे गवंडी बोलेनासे झाले, कारण त्या खोट्या कागदावर सह्या त्यांच्याही निघाल्या होत्या. इंजिनिअर बाईंना विचारून मामाने छिन्नी-हातोडा घेतला आणि उतारभर खाचा पाडल्या. दोन दिवस लागले. मग मला म्हणाला, “चल माझ्याबरोबर. एकट्याने जायची हिंमत नाही.”

नर्स दोन खोल्यांच्या घरात राहत होती. हात प्लास्टरमध्ये, आणि डाव्या हाताने ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मामाने दारातूनच सगळं सांगून टाकलं. आता चांगलंच ऐकून घ्यावं लागणार, म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले.

“बोटं मिटत नाहीत अजून,” ती म्हणाली. “सुई धरता येईल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत.” मग हातातली घडी बाजूला ठेवली. “पण मी वेगात नव्हते हो. त्या उतारावर तर मी रोज मुद्दाम हळू जायचे. इतकं सुरेख काम केलं होतं कुणीतरी, बघत बघत जायचे.”

मामा मटकन पायरीवर बसला. तिने चार शिव्या हासडल्या असत्या, तर त्याला उठवून घरी नेणं मला सोपं गेलं असतं.