चवमावशीची जीभ

आंब्याच्या रसाच्या कारखान्यात तिला सगळे चवमावशी म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर असेल तर असेल. बावीस हंगाम ती त्याच तपासणीच्या खोलीत बसत आली होती. पांढरं टेबल, स्टीलच्या वाट्या, कोमट पाण्याचा पेला आणि कधीच न उघडणारी खिडकी.

तिने चाखून सांगायचं, मग पिंपांवर चिठ्ठ्या लागायच्या. हापूस दाट, जिभेवर निवांत बसतो, त्यात रेषा शोधून सापडायची नाही. पायरी पातळ, गोड म्हणता म्हणता शेवटी आंबट चिमटा काढते. केसर दिसायला भगवा, झकास, पण बोलघेवड्या पाहुण्यासारखा, गोडाशिवाय बात नाही. तोतापुरी बिचारा फिकट पिवळा, चवीलाही बेताचाच.

पण ते कौतुक गेलं चुलीत. लेकीचं बाळंतपण आठवड्यावर आलं होतं आणि साहेब रजा देईनात. "ऐन हंगामात, मावशी? तुमच्याशिवाय आहे कोण मला?" लेकीच्या परीक्षा, नवऱ्याचं ऑपरेशन, सगळं हंगामातच आलं आणि हिच्यावाचून पार पडलं. या खेपेला लेक फोनवर एवढंच म्हणाली, "आई, ये गं. भीती वाटते मला."

मग मावशीने ठरवलं, जीभ गेली असं भासवायचं. चवच कळेना म्हटल्यावर ठेवतील कशाला?

सकाळी साहेब समोर उभे राहिले. तिसऱ्या वाटीत पायरी होती, शेंबड्या पोरानेही ओळखली असती. मावशीने मन घट्ट केलं आणि म्हणाली, "हापूस."

नोंदवही सांभाळणारी बाई, दोन लेकरांची आई, चाचरत म्हणाली, "साहेब, नोंद पायरीची आहे."

"मावशी हापूस म्हणाल्या ना? मग तुम्हीच घोळ घातलाय. दुसऱ्यांदा झालं हे. उद्यापासून येऊ नका."

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. हे काही मावशीच्या हिशेबात नव्हतं.

"साहेब, चूक माझी आहे. पायरीच आहे ती. माझी जीभच गेली आता."

"त्यांना वाचवायला बोलताय तुम्ही. पायरी कशावरून, सांगा."

मावशीने वाटी कलती केली. "हे बघा, लगेच ओघळला. हापूस असता तर रेंगाळला असता. शेवटी आंबट लागतो. आणि यात थोडा केसरही आलाय, पिंप नीट धुतलेलं नाही."

साहेबांनी चौकशी केली. पिंपात आदल्या दिवशी केसरच होता आणि ते नुसतं विसळलं होतं. बाईची नोकरी वाचली. साहेब मात्र पोट धरून हसले. "जीभ गेली म्हणे. अहो, एवढं कळतंय आणि तुम्हाला रजा देऊ?" रजेचा अर्ज त्यांनी दुमडून तिच्याच हातात दिला.

दुपारी लेकीचा फोन आला. "आई, कितीची गाडी पकडतेस?"

"या हंगामात जमेलसं दिसत नाही गं."

"ठाऊक होतं मला," लेक म्हणाली आणि तिने फोन ठेवला.