एरर न वाचता

आमच्या प्रोग्रॅमिंगच्या ऑनलाइन ग्रुपवर चिखल्याच्या मँगनीज खाणीत नोकरी करणारे एक काका होते. प्रश्न टाकला की आधी सगळ्यांदेखत ओरडायचे, "पोरी, एरर वाचाले डोळे नाहीत काय तुले?" मग ड्युटी सुटल्यावर तासभर बसून चूक शोधून द्यायचे. कोंढा या आमच्या गावी घरात बसून मी कोड लिहायला शिकले, ती त्यांची बोलणी खातच.

पुढे मी त्या ग्रुपची मॉडरेटर झाले. नियम मीच लिहिले. कोणाचा अपमान करायचा नाही, तीन तक्रारी आल्या की बाहेर. नव्या पोरांनी काकांच्या तक्रारी केल्या आणि तिसरीला मी त्यांना काढलं. नियम मला आजही चुकीचा वाटत नाही, म्हणून तर जास्त जीव जळतो.

आता ग्रुप भलताच सभ्य आहे. परवा माझा प्रोग्रॅम अडला, तर सगळ्यांनी हात जोडून शुभेच्छा दिल्या. चूक एकानेही शोधली नाही.

त्याच दिवशी मी काकांवरची बंदी उठवली. पण त्यांच्या नावाखाली शेवटच्या भेटीची तारीख अजून तीच दिसते, मी त्यांना काढलं ती.

मी रोज एक प्रश्न टाकते. मुद्दाम, एरर न वाचता.