ओल शोधायचे किती?

सकाळपासून चार घरं झाली आणि चारही ठिकाणी तोच तमाशा. जिने चढा, भिंतीला कान लावा, फरशी ठोकून बघा, गळती नेमकी कुठे आहे ते शोधून द्या. आणि मग भाव सांगितला की समोरचा असा दचकणार, जणू ह्याने त्याची किडनीच मागितली. "विचार करून कळवतो." कळवतंय कोण डोंबल! शेवटच्या घरातल्या पठ्ठ्याने तर भिंतीवर केलेल्या खडूच्या खुणेचा फोटो काढला आणि गोड हसून दार लावून घेतलं. आता तिथे कुणीतरी स्वस्तातला गडी येऊन नेमकं तेवढंच फोडणार. अक्कल ह्याची, मजुरी त्याची.

लोक त्याला कानवाले म्हणत. लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरचं एक टोक भिंतीला टेकवायचं, दुसरं कानाजवळच्या हाडाला, आणि आत पाणी कुठे झिरपतंय ते ऐकायचं. तीस वर्षं हेच काम. "पाणी दिसतं तिथे गळत नसतं," हे वाक्य त्याने झोपेतसुद्धा म्हटलं असतं.

घरी येऊन त्याने पिशवी आपटली. फोन आणि वेबसाइट सांभाळणारी लेक स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "आज पण फुकट फेऱ्या?"

"तू नको सुरू होऊस."

"दोन वर्षं सांगतेय बाबा, वेबसाइटवर दर टाकूया."

"भिंतीत काय निघेल ते देवाला माहीत. त्याचा भाव आधीच छापू?"

"दुरुस्तीचा नका छापू. नुसता शोधायचा. दोन हजार. ज्याला परवडेल तो बोलावेल, बाकीचे तुमचं डोकं तरी खाणार नाहीत."

एरवी त्याने तासभर वाद घातला असता. आज पाय दुखत होते. "टाक! टाक एकदाचा, आणि सोडव मला ह्यातून."

एक गोष्ट मात्र त्याने लेकीला सांगितली नाही. लपवली असंही नाही. ती सांगण्यासारखी आहे हेच त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याचा असा एक दर कधी नव्हताच. दारातल्या चपला बघायचा, पडदे बघायचा, माणूस कसा बोलतो ते बघायचा आणि तोंडाला येईल तो आकडा सांगायचा. एकाच इमारतीत तीन घरं आणि तीन भाव. ह्यात काही वावगं आहे असं त्याला तीस वर्षांत वाटलं नव्हतं.

आठवडाभरात फोन निम्म्यावर आले. जे येत ते घासाघीस करत नसत, मुकाट दोन हजार काढून ठेवत. लेकीचा चेहरा उजळला. त्यालाही मान्य करावं लागलं, पोरगी बोलते त्यात तथ्य आहे.

आणि मग बाईंचा फोन आला.

बाई म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका. एकट्या राहायच्या. घरातले नळ त्यांच्याच वयाचे, त्यामुळे वर्षाआड काहीतरी निघायचंच. त्यांच्याकडून तो पाचशे घ्यायचा. तो कान लावायचा तेव्हा बाई पंखा बंद करून, श्वास रोखून बाजूला उभ्या राहायच्या आणि नंतर विचारायच्या, "काय म्हणतेय भिंत?" त्याच्या कामाचं इतकं कौतुक त्याच्या घरातही कुणी केलं नव्हतं.

"तुमचा दर दोन हजार आहे म्हणे," बाई म्हणाल्या.

"अहो, ते बाकीच्यांसाठी..."

"बाकीच्यांसाठी. मी इमारतभर सांगत होते, आमचा माणूस पाचशेत बघतो, तुम्हीच फसता. परवा खालच्या मजल्यावरचे चारचौघांत म्हणाले, बाई, तुमची परिस्थिती बघून पैसे सोडत असेल तो. सगळे हसले." आणि फोन ठेवला.

त्याने सगळा राग लेकीवर काढला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मला सांगितलं होतंत का तुम्ही? काढून टाकते मी तो आकडा."

"आता काढून काय उपयोग? वाचायचं ते वाचलं त्यांनी!" तो ओरडला. खरं तर चीड स्वतःचीच आली होती. त्या माउलीवर आपण दया करतोय असं त्याच्या मनातही नव्हतं. पण हे आता कुठल्या तोंडाने सांगणार?

दहा दिवसांनी त्याच खालच्या मजल्यावरच्यांनी बोलावलं. छताला ओल आली होती. गळती वरून होती, म्हणजे बाईंकडूनच. वर गेला तर बाईंनी दार उघडून न्हाणीघराकडे बोट दाखवलं. कुणीतरी स्वस्तातल्या माणसाने न्हाणीघराची भिंत हातभर फोडून ठेवली होती. साफ चुकीच्या जागी. त्याने कपाळाला हात लावला. मग स्वयंपाकघरात जाऊन सिंकमागे कान लावला आणि दोन मिनिटांत उठला.

"इथे आहे बाई. दोन तासांचं काम. आत्ताच करून टाकतो."

"दर?"

"असू द्या हो. एवढी वर्षं येतोय मी..."

"दर सांगा."

पाचशे म्हटलं असतं तर बाईंनी त्याला दार दाखवलं असतं. काही नको म्हटलं असतं तर त्याहून वाईट.

"शोधायचे दोन हजार," तो म्हणाला. "दुरुस्तीचे वेगळे. अडीचेक हजार होतील."

बाई आत गेल्या, नोटा घेऊन आल्या, त्याच्यासमोर दोनदा मोजल्या आणि त्याच्या हातावर ठेवल्या. "हे शोधायचे. दुरुस्ती पुढच्या महिन्यात, पेन्शन झाली की."

"बाई, महिनाभर पाणी असं झिरपू देऊन नाही चालायचं."

"ते कळतं मला. खालच्यांना त्रास नको." गुडघ्यावर हात देत त्या सिंकखाली वाकल्या आणि स्वयंपाकघराचा कॉक त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केला. "न्हाणीघरातून बादलीने आणीन. या तुम्ही."

त्याने नोटा खिशात घातल्या. परत करायची सोय त्याने ठेवलीच नव्हती.